हरकतीसह सही : निवडणूक आयोगाला एका माजी केंद्राध्यक्षेचे खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य निवडणूक आयुक्त आणि दोन्ही निवडणूक आयुक्त,
निर्वाचन सदन, नवी दिल्ली

महोदय,

स.न.वि.वि.

पत्र मराठीतच लिहिते आहे, कारण तुमच्यासाठी मी जे काम केले ते सगळे मराठीतच केले. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवायची. शाळेतली नोकरी म्हटली की निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. १९९५ च्या विधानसभेला पहिल्यांदा गेले तेव्हा बोटांना शाई लावायचे काम होते. पुढे मतदार यादी हातात आली, आणि २००९ पासून २०१९ च्या लोकसभेपर्यंत केंद्राध्यक्षा म्हणून गेले. लोखंडी पेट्या वाहिल्या, मशीनही वाहिले. वर्गातल्या बाकांवर सतरंजी टाकून झोपले, पहाटे चारला गार पाण्याने आंघोळी केल्या. तक्रार नाही. उलट त्या दिवसांचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच हे पत्र.

गेली दोनेक वर्षे निवडणुकीच्या वादग्रस्त निकालांवरून एक वाद कानावर येतो आहे. एक बाजू म्हणते, लोकशाही टिकवायची तर निकाल मुकाट मान्य करायला शिका, हरलेला प्रत्येक जण रडत बसला तर राज्य चालायचे कसे. दुसरी बाजू म्हणते, लोकशाही टिकवायची तर असला निकाल मान्यच करू नका. दोघेही लोकशाहीचीच शपथ घेतात.

आमच्या गावाकडे या प्रश्नाचे उत्तर भूमी अभिलेखचा मोजणीदार आला की मिळते. बांधाची मोजणी होते, खुणा ठोकल्या जातात, शेजाऱ्याला ती हद्द मान्य नसते. मग तो काय करतो? कागदावर ‘हरकत आहे, मोजणी मान्य नाही’ असे लिहितो आणि त्याखाली सही करतो. नंतर अपिलात जातो. तोवर खुणेचा दगड जिथे ठोकलाय तिथे राहतो. (रात्रीतून दगड हलवणारेही असतात. पण त्यांचे भांडण मोजणीशी नसतेच.) ही हरकतीसह सही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. सही केली म्हणून त्याने हद्द कबूल केली असे होत नाही, आणि हरकत आहे म्हणून मोजणी झालीच नाही असेही होत नाही.

वादग्रस्त निकाल मान्य करावा का, याला माझे उत्तर हेच आहे. करावा, हरकतीसह. शपथविधी थांबू नये, सरकार बसावे, कारभार चालावा. पण हरकतीचा कागद जपून ठेवायची जबाबदारी मोजणी करणाऱ्याची असते, आणि या पत्रातले माझे म्हणणे त्या जबाबदारीविषयी आहे.

केंद्रावर आम्ही कधी कुणाला ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हटलेले मला आठवत नाही. म्हणायची वेळच येत नसे. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान. उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान ५० मते टाकायची, मोजून दाखवायची, व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी छापणारे यंत्र, आल्यापासून चिठ्ठ्यांशी जुळवून दाखवायची, मग मशीन कोरे करून पडद्यावरचे शून्य सगळ्यांना दाखवायचे. हे कोरे करायला विसरलेल्या केंद्राध्यक्षाची गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगत, भीती घालायला. मला निवृत्तीनंतरही त्याची स्वप्ने पडतात. त्यानंतर मशीनला हिरवी कागदी मोहोर. तिच्यावरचा क्रमांक एजंटांनी लिहून घ्यायचा आणि मोहोरेवर सही करायची. एक म्हातारे एजंट होते, सगळे त्यांना आबा म्हणत. चष्मा कपाळावर, कागद डोळ्यांना चिकटवून ते क्रमांक दोनदा वाचायचे, मग मला वाचायला लावायचे. ‘बाई, तुमच्यावर अविश्वास नाही हां,’ असे म्हणत म्हणत पुरता अविश्वास दाखवायचे. बरोबरचे अधिकारी वैतागायचे. मला मात्र आबा आले की बरे वाटे. त्यांचा उमेदवार पडला तरी आबांनी कधी कुरकूर केल्याचे ऐकले नाही. त्यांनी क्रमांक वाचला होता ना!

आणखी एक तरतूद आहे, जी आजकाल एजंटांनाही ठाऊक नसते. समोर आलेला मतदार तोतया आहे असे एजंटाला वाटले तर तो केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये भरून हरकत घेऊ शकतो. फक्त दोन रुपये, रोख. मी तिथल्या तिथे चौकशी करायची. हरकत खरी निघाली तर त्या माणसाला मत देता येत नाही. खोटी असली तरी निष्कारण त्रास द्यायला घेतली नसेल तर पैसे परत. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत हे लिहिलेले आहे आणि ज्याने कुणी लिहिले त्याला मी नमस्कार करते. संशय घेणे स्वस्त हवे आणि त्याचे उत्तर लगेच मिळायला हवे, हे त्याला कळले होते.

संध्याकाळी ‘क्लोज’चे बटण दाबले की नमुना १७-सी भरायचा. किती मतदारांनी सही केली, मशीनमध्ये किती मते पडली, मोहोरांचे क्रमांक काय. त्याच्या प्रती एजंटांना द्यायच्या. आमच्या भाषेत ‘सतरा सी’. निवडणुकीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद कोणता असे मला विचाराल तर मी मतपत्रिकाही सांगणार नाही आणि व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही सांगणार नाही. सतरा सी सांगेन.

आता तुमच्याकडे येते.

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात मतदान झाले. संध्याकाळी पाचला तुम्ही ५८.२२ टक्के सांगितले, शेवटी आकडा ६६.०५ वर गेला. लगेच हाकाटी उठली की रात्रीत मते घातली. या एका बाबतीत मी तुमच्या बाजूने भांडायला तयार आहे, आणि नातेवाइकांशी भांडलेही आहे. पाचचा आकडा म्हणजे काय असतो ते ज्याने केंद्रावर फोन घेतलाय त्यालाच कळते. बाहेर रांग, आत एजंटांची कुरबुर, आणि झोनल अधिकारी फोनवर ‘मॅडम, आकडा’. आपण रजिस्टर पाहून अंदाजे सांगतो. त्यानंतरचा तास सगळ्यात गर्दीचा. शेतातून बाया परततात, पोरे शहरातून येतात. सहाला फाटक बंद करून रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत यायचे, म्हणजे नंतर आलेला मागे चिकटत नाही. एकदा माझ्या केंद्रावर त्या चिठ्ठ्या संपून शेवटचे मत पडायला पावणेआठ वाजले होते. तेव्हा ५८ चे ६६ होण्यात मला काही चमत्कार दिसत नाही.

पण मला दिसत नाही ते लोकांनाही दिसू नये, असे तुम्ही कसे धरून चाललात? हा संशय त्याच रात्री मिटवायचा कागद तुमच्या हातात होता. राज्यातल्या लाखभर केंद्रांचे सतरा सी. प्रत्येकावर आकडा, तारीख, सही. ते लोकांसमोर ठेवा असे २०२४ च्या लोकसभेवेळी सर्वोच्च न्यायालयात मागितले गेले तेव्हा तुमचे म्हणणे होते की कागदांच्या प्रतिमांशी छेडछाड होईल, गोंधळ माजेल. अहो, ज्या कागदाच्या प्रती मी स्वतः चार-पाच एजंटांच्या हातात देऊन बसले, त्याची छेडछाड करायची तर ती कधीच करता आली असती. उलट खरी प्रत तुमच्या संकेतस्थळावर असती तर खोटी प्रत एका मिनिटात उघडी पडली असती.

माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी आठवत असेल. तिथला प्रकार उलटाच होता, म्हणून तो मला जास्त बोलका वाटतो. मतदारसंघात निवडून आलेले उत्तम जानकर, आणि मारकडवाडीत मात्र पडलेल्या राम सातपुते यांना जास्त मते. जिंकलेल्याच्याच समर्थकांना आपल्या गावाचा आकडा पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर आपले आपण मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, गावात पोलीस आले, बेत रद्द झाला. त्या मतदानाला कायद्याने शून्य किंमत होती, हे मला मान्य आहे. झाले असते तरी त्यातून काही सिद्ध झाले नसते. आपण आधी कुणाला मत दिले हे माणूस शेजाऱ्यासमोर खरे सांगतोच असे नाही. पण मी तालुक्याची अधिकारी असते तर पोलिसांच्या आधी त्या गावाच्या केंद्रांचे सतरा सी आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांची पेटी यांचा विचार केला असता. नियमाने चिठ्ठ्या अशा कुणालाही उघडून दाखवता येत नाहीत, हे ठाऊक आहे. मग नियम बदलून घ्या ना. नियम बदलून घ्यायला तुम्हाला किती वेळ लागतो ते आम्ही त्याच महिन्यात पाहिले.

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने हरियाणाच्या निवडणुकीतली कागदपत्रे आणि चित्रीकरण एका वकिलाला द्या असे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांगितले. २० डिसेंबर २०२४ ला, तुमच्या शिफारशीवरून, केंद्र सरकारने त्याच १९६१ च्या नियमांतला नियम ९३ बदलला. आधी निवडणुकीचे इतर सर्व कागद लोकांना पाहायला खुले होते, आता नियमांत ज्यांची नावे आहेत तेवढेच. पुढे ३० मे २०२५ ला तुम्ही कळवलेत की निकालाविरुद्ध याचिका दाखल झाली नाही तर ४५ दिवसांनी चित्रीकरण नष्ट करावे.

हे ४५ दिवस वरवर सरळ दिसतात, कारण याचिकेची मुदतही ४५ दिवसांचीच आहे. गणिताची बाई म्हणून मला त्यातली मेख खुपते. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे याचिकेत मोघम आरोप चालत नाहीत, नेमके तपशील मुदतीच्या आतच द्यावे लागतात, आणि त्या गडबडीने निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हेही दाखवावे लागते. तपशील कुठून आणायचे? चित्रीकरणातून. चित्रीकरण कधी मिळणार? याचिका दाखल झाल्यावर, न्यायालयाने सांगितले तर. म्हणजे विहिरीत पाणी आहे का ते पाहायला आधी बादली भरून आणा. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये २०२४ ला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. अमोल कीर्तिकर यांची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबरात फेटाळली, आणि फेटाळताना तपशिलांच्या उणिवेवरच बोट ठेवले. निकाल कायद्याला धरून असेल, मी वकील नाही. पण साडेनऊ लाखांच्या आसपास मतांमध्ये ४८ चा फरक असताना मेलेल्याला न्हाऊ घालावे तशी नुसती औपचारिकता झाली, असे हरलेल्या बाजूच्या साध्या कार्यकर्त्याला वाटले तर त्याला मी काय समजावू?

१७ ऑगस्ट २०२५ ला मुख्य आयुक्तांनी पत्रकार परिषदेत विचारले की आया-सुना-लेकींची चित्रे आयोगाने वाटायची का. साहेब, मी आई आहे, सासूही आहे. बँकेत, एसटी स्टँडवर, सोनाराच्या दुकानात, लेकीच्या सोसायटीच्या जिन्यात माझे चित्रीकरण रोज होते आणि ते कोण पाहते हे मला कुणी विचारत नाही. मत देण्याच्या आडोशाकडे कॅमेरा तोंड करत नाही. रांगेत उभी असलेली बाई ही लाजेची गोष्ट नाही. ते चित्रीकरण चौकात लावा असे कुणी म्हणत नाहीये. जिल्हाधिकारी कार्यालयात, उमेदवारांच्या प्रतिनिधींना, सही घेऊन, बंद खोलीत दाखवा. आमचे नाव पुढे करून दार लावून घेऊ नका.

आणि पैसे. केंद्रावर संशयाची किंमत दोन रुपये. उच्च न्यायालयात निवडणूक याचिकेबरोबर भरायची अनामत २,००० रुपये. आणि मशीन तपासून हवे असेल तर? २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी नाकारली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत लेखी मागून पाच टक्के मशीनच्या मेमरीची तपासणी करून घेता येईल अशी वाट ठेवली. तुम्ही २०२४ मध्ये त्याची फी लावली एका संचाला ४०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२००. संशयावर जीएसटी! आणि तेव्हा तपासणी म्हणजे काय होती, तर मशीनवर पुन्हा अभिरूप मतदान. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयालाच सांगावे लागले की तपासताना आतली माहिती पुसू नका. आबांना हे सांगितले असते तर ते चष्मा काढून माझ्याकडे नुसते बघत राहिले असते.

राज्यात २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, अशा १,४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कुठेही फरक आढळला नाही, असे तुम्ही जाहीर केलेत. माझा त्यावर विश्वास आहे. मशीन हॅक होते वगैरे कथा मी मानत नाही, कारण ती मशीन मी कडेवर घेतलेली आहेत. पण माझा विश्वास हा माझ्या वीस-पंचवीस वर्षांच्या ड्यूटीतून आला, आणि नऊ कोटी सत्तर लाख मतदारांना ड्यूटीवर पाठवता येत नाही.

संशय कितीही वेडगळ असला तरी त्याला कागद दाखवून उत्तर देता येते, याचे एक जुने उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९७१ ला इंदिरा गांधींची लाट आली तेव्हा दिल्लीत पडलेले जनसंघाचे बलराज मधोक म्हणू लागले की मतपत्रिकांना रसायन लावले होते, मतदाराने मारलेला शिक्का उडून जातो आणि काँग्रेसच्या गाय-वासरू चिन्हावर आधीच मारलेला अदृश्य शिक्का उमटतो. आज ऐकताना हसू येते. न्यायालयाने हसून सोडले नाही. नमुन्यादाखल मतपत्रिका तपासू दिल्या. आरोप टिकला नाही, आणि शाईची ती कथा तिथेच विरली. कुणी मधोकांना ‘आधी शपथपत्र द्या, नाहीतर देशाची माफी मागा’ असे सांगितले असते तर ती आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असती.

त्याच निवडणुकीत रायबरेलीत राजनारायण १,११,८१० मतांनी पडले होते. एवढ्या फरकाने पडलेला माणूस न्यायालयात जातो म्हणजे लोकांना थट्टाच वाटली असणार. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवडणूक रद्द केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्थगिती दिली ती कशी पाहा: पंतप्रधानपदी राहा, सभागृहात बसा, पण अपील निकालात निघेपर्यंत खासदार म्हणून मत देऊ नका. ही माझी हरकतीसह सहीच झाली की! इंदिराबाईंना ती पेलली नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आणीबाणी आली, आणि ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली गेली. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरला उडवली. मात्र त्याच बाई १९७७ ला राजनारायण यांच्याकडूनच हरल्या आणि राजीनामा देऊन घरी गेल्या, हेही विसरता येत नाही.

उशिराचे मी काय सांगावे. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ ची. डॉ. रमेश प्रभूंची निवड उच्च न्यायालयाने १९८९ ला रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच राहील असे डिसेंबर १९९५ ला सांगितले. मध्ये १९९० आणि १९९५ च्या दोन विधानसभा होऊन गेल्या होत्या. हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावचे तर अगदी ताजे आहे. २ नोव्हेंबर २०२२ ला सरपंचाची निवडणूक झाली, आणि एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे एकमेकांच्या नावावर चढले. केंद्रावरची चूक, माझ्यासारख्याच कुणाची तरी. सर्वोच्च न्यायालयाने मशीन दिल्लीला मागवून, चित्रीकरण करून, दोन्ही बाजूंसमोर मोजली. १,०५१ आणि १,०००. जो हरला म्हणून सांगितले होते तो ५१ मतांनी जिंकलेला होता. पण तोवर ऑगस्ट २०२५ उजाडला होता, पाच वर्षांतली पावणेतीन वर्षे दुसराच सरपंच खुर्चीत बसून होता. पंचायतीची निवडणूक तुमच्या अखत्यारीत येत नाही, राज्य आयोगाच्या येते, मला माहीत आहे. पण जी मोजणी करायला तासाभराचे काम तिला पावणेतीन वर्षे का लागावीत, हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे. सहा महिन्यांत याचिका निकालात काढायचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यात लिहिलेले आहे. लिहिलेले आहे एवढेच.

आणि जिथे हरकतीचा कागदच कुणी घेत नाही तिथे काय होते? १९८७ ला श्रीनगरच्या अमिरा कदलमध्ये मोहम्मद यूसुफ शाह नावाचा उमेदवार पडला. त्या निवडणुकीत गैरप्रकार झाले हे पुढे अनेक बाजूंनी बोलले गेले. तेव्हा मात्र हरलेल्यांना दाद मिळाली नाही, तुरुंग मिळाला. तोच माणूस पुढे सय्यद सलाहुद्दीन या नावाने हिजबुल मुजाहिदीनचा म्होरक्या झाला. काश्मीरचे सगळे दुखणे त्या एका निकालातून आले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि हरलो म्हणून बंदूक उचलली याला माफीही नाही. तरीही ‘शांततेसाठी निकाल मान्य करा’ असे कुणी सांगू लागले की मला अमिरा कदल आठवते.

महोदय, आता थोडा वेळ तुमच्याकडे पाठ करून हरलेल्यांशी बोलते. ऐका तुम्हीही.

बाबांनो, जून २०२४ मध्ये तुमच्या महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा जिंकल्या तेव्हा मशीन हीच होती. नोव्हेंबरात ५० जागाही मिळाल्या नाहीत आणि मशीन बिघडली. मतदार यादीत पाच महिन्यांत ३९ लाख नावे वाढली हा तुमचा प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर नावनिशी मिळाले पाहिजे. पण प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा गावोगाव तुमचा माणूस ती घेऊन बसला होता का? आणि जिंकणाऱ्यांनीही फार हसू नये. २००९ ची लोकसभा हरल्यावर मतपत्रिकांकडे परत चला असे लालकृष्ण अडवाणीच म्हणत होते. ज्याची सही असते तो मोजणी बरोबर म्हणतो आणि ज्याची हरकत असते तो चूक, एवढ्यावरच सगळ्यांचे तत्त्वज्ञान येऊन थांबते.

हरायचे कसे तेही शिकावे लागते. २००० साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या ५३७ मतांवर अध्यक्षपद अडले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली. दुसऱ्या दिवशी हरलेले उमेदवार अल गोर यांनी सांगितले की हा निकाल मला अजिबात पटलेला नाही, तरी मी तो मान्य करतो. दोन्ही वाक्ये एका दमात. आपल्याकडे यातले एकच वाक्य म्हणायची पद्धत आहे, कुणी पहिले म्हणतो, कुणी दुसरे. तुमच्या आमदारांनी विधानसभेत शपथ घ्यायला एक दिवस उशीर करून काय साधले, मला आजवर कळलेले नाही.

पुन्हा तुमच्याकडे. माझे मागणे फार मोठे नाही. मतदानाच्याच रात्री प्रत्येक केंद्राचा सतरा सी लोकांना पाहायला मिळावा. मतमोजणीनंतर केंद्रवार निकालाचा नमुना २० त्याच पानावर, शेजारी, शोधता येईल अशा रूपात यावा. चित्रीकरण याचिकेची मुदत संपेपर्यंत उमेदवाराला पाहता यावे, नुसते तुमच्या कपाटात राहू नये. मशीनची तपासणी मागणाऱ्याकडून नाममात्र पैसे घ्या, आणि हरकत निष्कारण निघाली तर खुशाल दंड करा, दोन रुपयांच्या नियमात आहे तसा. एवढे केलेत तर निकाल मान्य करा असे सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि न मानणाऱ्याला वेडा म्हणायचा मलाही.

एक प्रसंग सांगून थांबते. २०१४ च्या विधानसभेला माझ्या केंद्रावर एक तरुण एजंट होता. रात्री सतरा सी भरून झाल्यावर मी त्याची प्रत पुढे केली तर म्हणाला, ‘ठेवा तुम्हालाच मॅडम, काय करायचंय त्या कागदाचं?’ मी रागावून ती त्याच्या खिशात कोंबली होती. परवा तोच बाजारात भेटला. आता दोन मुलांचा बाप आहे, ठिबकच्या सामानाचे दुकान आहे. २०२४ लाही तो बसला होता म्हणे एजंट म्हणून. बोलता बोलता सुरू झाला, ‘सगळं सेटिंग होतं मॅडम, आमच्या केंद्रावर असं होऊच शकत नाही.’ मी विचारले, ‘सतरा सी घेतलास का?’ त्याने मोबाइल काढला. फोटो होता! मला इतका आनंद झाला की चहाचे पैसे मीच दिले.

‘मग जुळवलास?’

‘कशाशी?’

मी त्याला नमुना २० काय असतो ते सांगितले. मोजणीच्या टेबलावर मशीनच्या आकड्याशी सतरा सी पडताळायचा असतो हे त्याच्या उमेदवाराच्या माणसांनाही ठाऊक नव्हते. तिथेच हॉटेलच्या बाकावर बसून आम्ही शोधू लागलो. बराच वेळ गेला. कुठले पान उघडेना, कुठे भलताच मतदारसंघ. शेवटी एक फाइल मिळाली. तिरकी स्कॅन केलेली, अक्षरे पुसट, उभ्या रकान्यांवर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली. मान वाकडी करून ओळी मोजत आम्ही त्याच्या केंद्राच्या क्रमांकापर्यंत पोचलो. त्याच्या फोटोतला एकूण मतांचा आकडा आणि तो आकडा एकच होता.

तो जरा वेळ काही बोलला नाही. पुन्हा फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा ओळ मोजली.

‘जुळतंय की,’ म्हणाला. मग माझ्याकडे वळून, थोडा चिडूनच : ‘मॅडम, मग हे त्याच दिवशी का नाही दाखवलं कुणी?’

आपली,
एक निवृत्त केंद्राध्यक्षा
जिल्हा सातारा